माझ्याविरुद्ध काही आहे का?

१ सप्टेंबर, रविवार

वही नवी आहे. पहिल्या पानावर काय लिहावं यात वीस मिनिटं गेली. त्यातली दहा, ‘ही वही कधीतरी कुणीतरी वाचावी अशी माझी छुपी इच्छा आहे का’ या शंकेत गेली. इच्छा आहे. म्हणजे पहिल्याच पानावर पहिलं पाप लागलं. वहीचं उद्घाटन झालं.

आज चर्चमधल्या उपासनेनंतर बाबा आणि मी दादा-वहिनीकडे जेवायला गेलो होतो. त्यांचं घर आमच्यापासून दोन गल्ल्यांवर. बाळ सहा आठवड्यांचं झालंय. ताटं उचलताना वहिनी म्हणाली, “तेरा ऑक्टोबरला हिचा बाप्तिस्मा करायचं म्हणतोय. धर्ममाता तू व्हायचंस.”

माझ्या हातात पातेलं होतं. ते मी तीनदा घासलं.

धर्ममाता म्हणजे जी बाळाला घेऊन मंडळीसमोर उभी राहते, त्याच्या वतीनं उत्तरं देते आणि पुढे त्याला विश्वासात वाढवायची जबाबदारी घेते. आमच्या मंडळीचा नियम असा की तिचं दृढीकरण झालेलं हवं. म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वडीलजनांपुढे उभं राहून, स्वतःच्या तोंडानं विश्वास कबूल करून ती पूर्ण सभासद झालेली हवी. माझा बाप्तिस्मा अडीच महिन्यांची असताना झाला. दृढीकरण मात्र नाही. सोळाव्या वर्षी ठरलं होतं, तेव्हा आदल्या दिवशी मला भीतीनं ताप भरला. एकोणिसाव्या वर्षी ताप आला नाही, म्हणून मी स्वतःच आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांकडे जाऊन सांगितलं की माझा नवा जन्म, म्हणजे देवानं केलेला आतला पालट, झालाय याची मला खात्री नाही. आता चोविसावं चालू आहे. दर महिन्याला पूर्ण सभासदांसाठीच्या प्रभुभोजनाची भाकर माझ्यासमोरून जाते आणि मी ते ताट शेजारच्या बाईंकडे सरकवते, हॉटेलातल्या वाढप्यासारखी.

“दुसरी कुणी बघ ना वहिनी,” मी म्हटलं.

“दुसरी कुणी नको. याचं नाव तुमच्या यादीत आहे, पण हा चर्चमध्ये जातो तो लग्नाच्या जेवणापुरता. माझ्या माहेरी कुणी त्या पायऱ्या चढलेलं नाही. पोरीला हाताला धरून आत नेणारं कुणीतरी माहीतगार हवं. तू नाही म्हणालीस तर राहू दे. बाप्तिस्माच नको.”

“हिला माहीतगार म्हणतेस?” दादा म्हणाला. “ही चोवीस वर्षं दारात उभी राहून पायपुसणं तपासतेय. शंकासुर कुठली!”

विचार करून सांगते, म्हटलं. घरी येताना बाबा एवढंच म्हणाले, “‘विचार करून’ नव्हे. ‘प्रार्थना करून’.”

४ सप्टेंबर

दृढीकरणाच्या वर्गात नाव दिलं. आम्ही चौघं आहोत. प्रत्येकानं साक्ष लिहून आणायची आहे: देवानं मला नवा जन्म कसा दिला.

आमच्यातल्या बेकरीवाल्याला तारीखच नव्हे, वेळही ठाऊक आहे. संध्याकाळी सात चाळीस, पावांची दुसरी भट्टी काढताना. त्याआधी तो अट्टल पिणारा होता, सख्ख्या भावाचं डोकं फोडलं होतं. त्या क्षणी तो भट्टीसमोर गुडघ्यांवर आला आणि पाव करपले. हे ऐकून मला त्याचा हेवा वाटला. पश्चात्तापाचा नव्हे, दारूचा. पाप एवढं ठसठशीत असलं की सोडल्याचं दिसतं तरी. माझी पापं म्हणजे कपाटामागची धूळ. आहे हे मला माहीत, पण पाहुण्याला दाखवायची तर आधी कपाट ओढावं लागतं.

तरी मी तारखा शोधल्या. वय वर्षं सात: प्रार्थनेत रडले. पण त्या आठवड्यात माझा कान दुखत होता. वय अकरा: जिन्यात उभी असताना, येशू माझा आहे आणि मी त्याची आहे असं अचानक अगदी स्वच्छ जाणवलं. पण तेव्हा मी नुकतीच न्हाले होते आणि हवा छान होती. हवा आणि साबण वजा केले तर विश्वास किती उरतो, सांगता येत नाही.

बाबांना विचारलं. बाबा छत्तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासायचे. आई गेल्यावर त्यांनी मला चौदाव्या वर्षापर्यंत घरीच शिकवलं, जेवणाच्या टेबलावर: गणित, भूगोल आणि धर्माची प्रश्नोत्तरी. चुकलं की समासात तांबडी खूण. बरोबर असलं की काहीच नाही, पुढचं पान. त्यामुळे माझ्या लेखी शाबासकी म्हणजे कोरा समास.

“नवा जन्म कोण देतो?” बाबांनी उलट मलाच विचारलं.

“पवित्र आत्मा देतो, त्याच्या इच्छेला येईल तेव्हा, आमच्या कोणत्याही कर्तृत्वावाचून, कृपेनं.”

“‘केवळ कृपेनं’. ‘केवळ’ राहिलं.”

म्हणजे उत्तर येतं. तारीख येत नाही.

७ सप्टेंबर

लॅबमधलं दिवसाचं काम संपल्यावर वहिनीकडे गेले. जायची सवयच झाली आहे. तिला बाळंतपणाआधीचे शेवटचे तीन महिने डॉक्टरांनी अंथरुणावरून उठू दिलं नव्हतं, तेव्हा रोज संध्याकाळी मी जायचे. पोळ्या करायचे, तिचे पाय चेपायचे, तिला वाचून दाखवायचे. (त्यात एकंदर किती पापं झाली, त्याचा हिशेब नाही. दोनदा पाय चेपता चेपता डुलकी लागली. एकदा कंटाळून दोन पानं गाळून वाचलं आणि तिला कळलं नाही.)

बाळाचे कपडे बदलता बदलता वहिनीनं विचारलं, “सहा आठवड्यांच्या पोरीनं काय पाप केलं असेल गं?”

मी मूळ पापाचा सिद्धांत समजावून सांगितला. चांगला सविस्तर. मधेच बाळानं माझ्या बाहीवर धार सोडली. वहिनी म्हणाली, “हे धरून?”

“पाप म्हणजे नुसतं कृत्य नाही वहिनी. आपण सगळे जन्मतःच देवाकडे पाठ करून असतो.”

“आणि पाण्यानं ते जातं?”

“पाण्यानं नाही. पाणी खूण आहे. कराराची.”

“कसला करार?”

“देव म्हणतो, मी तुझा देव आणि तुझ्या लेकरांचाही. म्हणजे लेकरू काही बोलायच्या, समजायच्या आधीच देव त्याला आपलं म्हणतो. पाणी त्याची खूण.”

वहिनीनं लंगोटाची गाठ मारली. “तुझ्या डोक्यावर ओतलंय ना हे पाणी?”

“हो.”

“मग?”

घरी येऊन पाहिलं. ‘मग?’ या प्रश्नाला प्रश्नोत्तरीत उत्तर नाही. पण खुणा तर किती जणांवर असतात. दादावरही आहे. करारात जन्मणं वेगळं आणि नव्यानं जन्मणं वेगळं. घरात वाढलेलं प्रत्येक जण घरचंच असतं असं नाही, काही जण नुसतेच राहायला असतात. मी भाडेकरू निघाले तर?

१२ सप्टेंबर

आज वर्गात पाळकसाहेबांनी ‘मिटवण्या’विषयी सांगितलं. आमच्या मंडळीत ही जुनी रीत आहे. पहिल्यांदा प्रभुभोजन घेण्याआधीच्या महिन्यात आपण ज्यांच्याशी वागतो-बोलतो त्यांच्याकडे जायचं आणि विचारायचं, “माझ्याविरुद्ध काही आहे का?” ते बोलतील ते ऐकायचं, मिटवायचं, मग प्रभुभोजनाच्या मेजाशी यायचं.

“एक-दोघांकडे गेलात तरी पुरे,” ते म्हणाले. बहुतेक जण चहा पाजतात आणि ‘काही नाही रे बाबा’ म्हणतात म्हणे.

हे मला फारच ढिलं वाटलं. समोरच्याला माहीतच नसेल की मी त्याचं काय वाईट केलंय, तर तो सांगणार काय? मी यादी केली. एक्केचाळीस जण.

१६ सप्टेंबर

सुरुवात लॅबपासून केली. आम्ही कवळ्या बनवतो. दातांच्या डॉक्टरांकडून लोकांच्या तोंडाचे साचे येतात, मी त्यांत प्लास्टर ओतते, मेणाच्या हिरड्या घडवते आणि त्यांत एकेक दात बसवते. दिवसभर समोर बिनचेहऱ्याची हास्यं मांडलेली असतात. त्यांतलं एकही मला उद्देशून नसतं, म्हणून तिथे बरं वाटतं.

मालकीणबाई घासयंत्रावर होत्या. मी म्हटलं, “बाई, दोन वर्षांपूर्वी एका गृहस्थांच्या कवळीत वरचा पुढचा दात मी एक छटा जास्त पांढरा लावला होता. ठरलेल्या छटेचा दात संपला होता आणि मी कुणाला सांगितलं नाही.”

बाईंनी यंत्र बंद केलं, चष्मा कपाळावर चढवला. “कोण, ते बँकवाले? अगं, ते गेले की मागच्या वर्षी.”

“गेले?”

“छान हसत गेले. बायको सांगत होती. आता त्यांना तिकडे गाठून दात बदलतेस का? चल, त्या खालच्या जबड्याचं मेण उतरव.”

मला रडू आलं. बाईंना मला पाणी द्यावं लागलं.

तळमजल्यावरच्या आजोबांना सांगितलं की तुमच्या कुत्र्याचं भुंकणं बंद व्हावं असं माझ्या मनात आलं होतं आणि त्याच महिन्यात तो मेला.  आजोबा माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, “म्हातारा झाला होता गं तो. तू नको मनाला लावून घेऊस.” डोळे त्यांचेच भरले होते.

सहा झाले. पस्तीस राहिले.

१९ सप्टेंबर

गायनमंडळातल्या माझ्या शेजारणीला सांगितलं की तुझा वरचा सूर मला बेसूर वाटतो आणि मागच्या मोठ्या उपासनेच्या वेळी तुला सर्दी व्हावी अशी माझी इच्छा होती.

तिनं आज गायनमंडळातून नाव काढून घेतलं.

हे मला अनपेक्षित होतं. पण खरं बोलल्याची किंमत मोजावी लागतेच. (मोजली तिनं. हे आत्ता लिहिताना लक्षात आलं.)

२१ सप्टेंबर, शनिवार

वहिनीचा क्रमांक यादीत पहिला होता. घाबरून मी तिला विसाव्या जागी ढकललं होतं. आज पोचले.

चार वर्षांपूर्वी, दादानं तिच्याशी लग्न ठरवलं तेव्हा, मी त्याला पत्र लिहिलं होतं. एकाच गावात राहत असून पत्र, कारण तोंडी बोलले असते तर मला रडू आलं असतं. बायबलमधल्या वचनांचे तीन दाखले देऊन लिहिलं होतं की कराराबाहेरची मुलगी घरात आणलीस तर तुझी मुलं ना इकडची होतील ना तिकडची. ‘कराराबाहेरची’ खाली रेघ होती. दादानं उत्तर दिलं नाही. लग्न झालं. वहिनीला कधी कळलं नाही.

ती धुतलेल्या लंगोटांच्या घड्या घालत होती. मी सगळं सांगितलं, रेघेसकट. शेवटी म्हटलं, “मला क्षमा कर. हे मनात ठेवून मी मेजाशी येऊ शकत नाही.”

तिनं हातातली घडी पूर्ण केली. ढिगावर ठेवली. मग म्हणाली, “हिची दुधाची वेळ झाली,” आणि बाळाला घेऊन आतल्या खोलीत गेली. बाळ झोपलेलं होतं.

मी थोडा वेळ बसले. उरलेल्या घड्या घातल्या. घरी येताना, खरं सांगायचं तर, हलकं वाटत होतं.

२५ सप्टेंबर

दुपारच्या सुटीत दादा लॅबवर आला. तो कधी येत नाही. बाहेर पायरीवर उभे राहिलो.

“काय, उतरलं का ओझं?”

“दादा, मला ते सांगणं भागच होतं.”

“हलकं वाटतंय का, ते विचारलं.”

“थोडं.”

“वाटणारच. तिच्या उरावर ठेवून आलीस ना.” त्यानं आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. “ते पत्र मी वाचलं त्याच दिवशी फाडलं. घराचा उंबरा ओलांडू दिला नव्हता. चार वर्षं! तू ते तुझ्या हातानं तिच्या मांडीवर नेऊन ठेवलंस.”

“वहिनी काय म्हणते?”

“बोलत नाही. काल एवढंच म्हणाली की बाप्तिस्मा राहू दे. बाहेरच्या बाईच्या पोरीला उगाच कशाला आत.”

तो गेला. मी आत येऊन एका वरच्या कवळीत दात बसवले. बाईंनी उचलून पाहिलं आणि म्हणाल्या, “डावे उजवीकडे लावलेस. हा माणूस जेवणार कसा?”

आयुष्यभर ठसठशीत पाप शोधत होते. सापडलं. चार वर्षांपूर्वीचं नव्हे, शनिवारचं.

२८ सप्टेंबर

आज सकाळी वडीलजनांपुढे मुलाखत. मी साक्ष अकरा पानांची लिहिली होती. त्यातली नऊ पानं शंकांची.

तीन वडीलजन आणि पाळकसाहेब. एक दवाखान्यातून निवृत्त झालेल्या सिस्टर, एक वीज दुरुस्त करणारे काका आणि एक आजोबा, ते बसल्या बसल्या झोपले होते. काकांनी माझ्या अकरा पानांकडे पाहिलं आणि म्हणाले, “ते राहू दे. येशूवर विश्वास आहे का?”

“आहे असं वाटतं, पण वाटण्यावर विसंबणं म्हणजे...”

“आहे,” काकांनी लिहिलं. “पापांचा पश्चात्ताप?”

“तो मी इतका करते की त्यातला कितीसा खरा...”

“आहे. आमची काही हरकत नाही.”

चार मिनिटं झाली होती. आठ वर्षं जिला घाबरले ती परीक्षा चार मिनिटांत! मी उठले आणि माझ्या तोंडून निघालं, “माझी आहे.”

“काय?”

“हरकत. मला पास करू नका.”

आजोबा जागे झाले. मी पत्राचं सांगितलं, शनिवारचं सांगितलं, बाप्तिस्मा रद्द झाल्याचं सांगितलं. एका लेकराला दारापर्यंत आणून मी दार लावलं, असंही मी म्हणाले. हे वाक्य छान जमलं असं बोलतानाच मनात आलं, आणि मी तेही सांगून टाकलं.

पाळकसाहेबांनी कपाळ चोळलं. “मिटवायला गेलीस तेव्हा काय विचारायचं ठरलं होतं?”

“माझ्याविरुद्ध काही आहे का.”

“किती जणांना विचारलंस?”

मी यादी डोळ्यांसमोर आणली. वीस जणांकडे गेले होते. विचारलं एकालाही नव्हतं.

“विचारायचं होतं, बाई. तू सांगत सुटलीस.”

“पण आता वहिनीच्या मनात काय आहे ते मला माहीतच आहे,” मी म्हटलं.

 सिस्टर म्हणाल्या, “बघा! अजून नाहीच विचारत.”

ठरलं ते असं: माझं नाव मंजूर आहे. सहा तारखेला दृढीकरण. त्याआधी वहिनीकडे जायचं. तिचं ऐकल्यावर यायचं की नाही, ते मी ठरवायचं.

मंजूर! या मंडळीला काही निकषच राहिले नाहीत.

१ ऑक्टोबर

वहिनीसाठी माफीचं एक पान लिहिलं आणि सवयीनं बाबांपुढे ठेवलं. बाबांनी चष्मा लावला, तांबडी पेन्सिल घेतली. बराच वेळ पान तसंच धरून बसले.

“ते दादाला लिहिलेलं पत्रही मीच तपासलं होतं,” ते म्हणाले.

“हो.”

“दोन स्वल्पविराम घातले होते. पत्र नीट झालंय म्हणून तुला परत दिलं होतं.”

“हो, बाबा.”

“मजकूर मी वाचलाच नाही गं.”

“वाचला होता तुम्ही.”

त्यांनी चष्मा काढला. “वाचला होता,” ते म्हणाले. “तिच्या हातचं चार वर्षं जेवतोय मी.”

मग पान माझ्या हातात दिलं. समास कोरा. आयुष्यात पहिल्यांदा तो मला आवडला नाही.

“मीही येतो तुझ्याबरोबर.”

“दोघं एकदम नको बाबा. तिला दोघांना पाणी द्यावं लागेल.”

पान मी नेणार नाही. फाडलं.

५ ऑक्टोबर, शनिवार

गेले. दादानं दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं, आणि बाळाला घेऊन गॅलरीत गेला. वहिनी स्वयंपाकघरात कांदा चिरत होती.

मी उभ्या उभ्या विचारलं, “वहिनी, तुझ्या मनात माझ्याविरुद्ध काही आहे का?”

“आहे,” ती म्हणाली. सुरी थांबली नाही. “बस.”

मी बसले.

“पत्राचं सोड. मला वाटलंच होतं की तुमच्याकडे कुणीतरी असं म्हणालं असेल. तू लिहिलंस हे लागलं, पण ते सोड. मी तीन महिने पडून होते, तेव्हा तू रोज यायचीस. आठवतं? मी एकदा म्हटलं, तू होतीस म्हणून मी निभावले. तू काय म्हणालीस?”

मला आठवत नव्हतं.

“म्हणालीस, ‘नाही गं, मला तर कंटाळा यायचा, मी दोन पानं गाळून वाचलं होतं.’ मी आभार मानत होते तुझे. ते तू घेतलेही नाहीस. तोंडावर परत केलेस.”

मी माफी मागायला तोंड उघडलं. तिनं सुरी माझ्याकडे रोखली. “मागायची नाही. ऐक. कळा सुरू झाल्या त्या दिवशी तू दवाखान्यात उशिरा पोचलीस. बस चुकली होती. मी तिथे ओरडतेय, आणि तू उशाशी येऊन काय केलंस? उशीर झाला म्हणून रडलीस. मी, अशा अवस्थेत, तुला म्हणत होते, असू दे गं, असू दे. नर्स हसत होती.”

मी ओठ दातांखाली धरले. हे मला ठाऊकच नव्हतं. माझ्या एक्केचाळीस जणांच्या यादीत, बारीक अक्षरांच्या सहा पानांत, यातलं एक अक्षर नव्हतं.

“तुझ्याजवळ येऊन काही बोलावं तर मधे कायम तू असतेस. तू वाईट, तू चुकलीस, तुझं कसं होणार. माझ्यासाठी जागाच नसते गं. आणि तरी मी धर्ममाता म्हणून तुझंच नाव घेतलं. का, ते तू विचारलंस? नाही. नकार कसा द्यायचा ते बघत पातेलं घासत बसलीस.”

“का घेतलंस?” मी विचारलं.

सुरी थांबली. “कारण तू रोज आलीस. कंटाळा आला तरी आलीस. मला प्रेम करणारं कुणी नकोच होतं तेव्हा, येणारं हवं होतं. पोरीसाठीही तेच हवंय.” तिनं बाहीनं डोळे पुसले. “हा कांदा आहे. गैरसमज नको.”

मी काही बोलले नाही. न बोलणं एवढं अवघड असतं हे मला माहीत नव्हतं. गॅलरीतून बाळाचा आवाज आला.

“अजून राग आहे मला,” वहिनी म्हणाली. “एकदम जाणार नाही तो. तेरा तारखेला ये.”

“मग बाप्तिस्मा...”

“राग आहे म्हणून काय पोरगी बाहेर ठेवू? आण तिला इकडे, नाहीतर तो तिला सर्दी करील.”

६ ऑक्टोबर, रविवार

दृढीकरण झालं. भाकरीचा तुकडा नखाएवढा होता, कोरडा. तोंडात ठेवला, गिळला. काही झालं नाही. भट्टी नाही, सात चाळीस नाही. बेकरीवाला शेजारी ढसाढसा रडत होता, मी कोरडीच.

दुपारी घरी भांडी घासताना एकदम रडू आलं. कान दुखत नव्हता.

संध्याकाळी बाबा एकटेच दादाकडे गेले आणि तासाभरानं आले. काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. “जेवून आलो,” एवढंच ते म्हणाले.

१३ ऑक्टोबर, रविवार

सकाळी वहिनीनं विचारलं, “मी कुठे बसायचं?”

बाप्तिस्मा न झालेल्या आईनं कुठे बसायचं हे नियमांत लिहिलेलं नाही. मी पाळकसाहेबांना विचारायला निघाले होते, अर्ध्या वाटेतून परत फिरले आणि तिला म्हटलं, “माझ्याजवळ उभी राहा.”

दादा इस्त्रीचा सदरा घालून पहिल्या बाकावर बाबांशेजारी. बाबांच्या हातात उपासनेची छापील पत्रिका. मी बाळाला घेऊन पुढे गेले, वहिनी माझ्या खांद्याला खांदा लावून.  

पाळकसाहेबांनी विचारलं, “या बाळाला देवासमोर कोण घेऊन आलं आहे?”

पत्रिकेत उत्तर छापलंय: ‘मी’. चोवीस वर्षांत छापील उत्तर मी कधी चुकवलेलं नाही.

“आम्ही,” मी म्हटलं.

पाळकसाहेबांनी मान वर केली. मी बाबांकडे पाहिलं. पत्रिका त्यांच्या मांडीवर मिटलेली होती.

मग प्रश्न आले: पापाचा त्याग करतेस का, ख्रिस्ताकडे वळतेस का, या लेकराला त्याच्या वाटेवर घेऊन चालशील का. दर उत्तराआधी माझी नेहमीची शंका आली, नेहमीच्या जागी उभी राहिली, आणि मी तिच्या शेजारून उत्तर दिलं. बाळ झोपलेलं होतं. तिच्या तोंडातली लाळ माझ्या खांद्यावर उतरत होती. पाणी तीनदा ओतलं. चांगलं गार पाणी. तिनं एकदा कपाळाला आठी घातली आणि पुन्हा झोपली. तिचं नाव मंडळीच्या पुस्तकात लिहिलं गेलं तेव्हाही ती घोरत होती.

बाकावर परत येताना वहिनीनं कानात विचारलं, “झालं?”

“झालं.”

“हिला तर काही कळलंच नाही.”

“नाही.”

“उद्या मोठी होऊन म्हणाली, मला काही आठवत नाही, माझं झालंय कशावरून, तर काय सांगशील?”

“सांगेन, मी होते तिथे.”

वहिनीनं बाळाला माझ्याकडून घेतलं. मग माझ्या ओल्या खांद्यावर आपला रुमाल टाकला आणि म्हणाली, “सरक जरा, मलाही बसू दे.”